आयत्या वेळचा विषय : पाणी

"माणसाला त्याचं काम नेमून दिलं ना मेघा, की जग घड्याळासारखं चालतं!" विश्वजीतनं जाहीर केलं.

मेघानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. ते दिवाळीपासून बंद होतं. त्यात सेल घालायचं काम कोणालाच नेमून दिलेलं नव्हतं.

विश्वजीत चितेगावच्या एका कारखान्यात दर्जा तपासणीच्या खात्यात होता. या खात्यातल्या माणसाला एक खोड जडते. एखादी गोष्ट नीट चालली असेल, तर ती कोणाच्या परवानगीनं चाललीय, हे त्याला कळावं लागतं. कारखान्यात हे ठीक आहे हो! पण पठ्ठ्यानं ही खोड घरी आणली आणि 'नळ आले'च्या मानगुटीवर बसवली.

'नळ आले' हे मोबाइलमधलं ॲप. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवही छातीठोकपणे सांगणार नाही. आठवड्यानं येईल, मधेच येईल, सगळे कामावर गेल्यावर मुद्दाम आल्यासारखं येईल. आलं की तेवढ्यात मोटार लावली तर हौद भरला, नाहीतर बसा टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या करत! म्हणून कॉलनीतल्या हौशी मंडळींनी मिळून हे ॲप केलं. ज्याला पाणी दिसेल त्यानं बटन दाबायचं, की सगळ्या कॉलनीचे मोबाइल वाजायचे. ॲपला मालक नाही. त्याची आतली रचना सगळ्यांना खुली. ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करावं, ज्याला लागेल त्यानं फुकट वापरावं. याला ओपन सोर्स म्हणतात. सरितानं प्रोग्राम लिहिला होता, अतुल त्यातल्या चुका काढायचा, आणि बटन बहुतेक वेळा मनकर्णाबाई दाबायच्या, कारण त्या विश्वजीतच्या शेजारी राहायच्या आणि त्यांच्या घरी नळ सगळ्यात आधी सूं सूं करायचा. बटन दाबून झालं की त्या ओट्यावर येऊन हाळीही द्यायच्या, "नळ आले गं बायांनो!" मोबाइलवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता.

म्हणजे सगळं बरं चाललं होतं. तीच तर विश्वजीतची तक्रार होती!

"कोणीही उठतं आणि बटन दाबतं!"

"पाणी आल्यावरच दाबतात ना?" मेघानं विचारलं.

"पण कोणत्या अधिकारात?"

मेघा भाजी निवडायला लागली.

विश्वजीतनं वाचलं होतं की, परदेशातल्या मोठमोठ्या ओपन सोर्स गटांमध्ये प्रत्येकाची भूमिका आणि जबाबदारी ठरलेली असते. वाचलं ते खरंच होतं. फक्त तिकडं आधी काम असतं आणि मग त्याला माणूस शोधतात. आपल्याकडं सभा बोलावली की आधी माणसं पदं वाटून घेतात आणि काम उरलंच तर चहा झाल्यावर बघतात. विश्वजीतनं बोलावलेल्या पहिल्याच सभेत अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, चार मार्गदर्शक आणि एक 'प्रेरणास्थान' निवडून आले. कॉलनीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. त्यात सगळे कानाला मोबाइल लावून उभे होते. अध्यक्ष अर्थातच विश्वजीत!

पाणी आल्याची सूचना देण्याचा मान धोंडिबातात्यांना मिळाला, 'जलवार्ता प्रमुख'. त्यांच्या घरी पाणी सगळ्यात शेवटी पोचायचं, पण पद देताना नळ बघायचा नसतो, वय बघायचं असतं. अतुल झाला 'पडताळणी प्रमुख'. तात्यांनी सूचना दिली की त्यानं जाऊन खात्री करायची, आणि त्यानं होकार दिल्यावर कॉलनीचे मोबाइल वाजायचे.

"म्हणजे बटन तात्यांशिवाय सगळ्यांचं बंद करू?" सरितानं विचारलं. "अन् मनकर्णामावशी?"

"त्या सभेला होत्या?"

"त्या पापड लाटत होत्या."

"मग त्यांना भूमिकाच नाही," अध्यक्ष म्हणाले. सरितानं बटन बंद केलं.

त्याच आठवड्यात मेघाच्या धाकट्या बहिणीला, संस्कृतीला, बघायला पैठणची मंडळी येणार होती. माहेरच्या सिल्लोडपेक्षा मेघाचं घर दोन्हीकडच्यांना सोयीचं, म्हणून कार्यक्रम तिथंच ठरला. मुलगा शिवराज. संस्कृतीनं त्याला कुठल्याशा लग्नात बघितलं होतं आणि तेव्हापासून ती आरशासमोरून हलत नव्हती. मेघाला घोर लागला होता. पोरीच्या मनातलं स्थळ आयतं चालून आलंय, आपल्या घरातून काही विघ्न यायला नको!

"अहो, हौद तळाला गेलाय," शनिवारी सकाळी ती म्हणाली. "आज-उद्यात नळ येतील. मी संस्कृतीला घेऊन गुलमंडीला जाते साडीला. तुम्ही घरीच थांबा अन् नळाकडं लक्ष द्या. उद्या घरात डझनभर माणसं असणार. हात-पाय धुवायला तरी पाणी नको?"

"अगं, नळाकडं माणसानं बघायचे दिवस गेले! प्रत्येकाला जबाबदारी नेमून दिलीय. तू बिनधास्त जा!"

मेघा गेली. बिनधास्त मात्र नव्हती.

विश्वजीतनं खोलीचं दार लावलं, कानाला हेडफोन चढवला आणि ऑनलाइन सभा सुरू केली. विषय होता, उपाध्यक्षांचा कार्यकाळ किती असावा. त्यावर दोन्ही उपाध्यक्ष भरभरून बोलले.

तेवढ्यात नळ आले!

शेजारी मनकर्णाबाईंनी मोटार लावली आणि सवयीनं बटन दाबलं. मोबाइलवर अक्षरं उमटली, 'क्षमस्व! आपणांस हा अधिकार नाही.' वाक्य अध्यक्षांनी स्वतः सांगून लिहून घेतलं होतं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"माझ्याच नळाला पाणी आलं, अन् मलाच अधिकार नाय व्हय?"

झालं! बाईंनी हौद भरला, हंडे भरले, घागरी भरल्या, कुंड्यांना पाणी घातलं. मग ओट्यावर येऊन बसल्या आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही. ज्यांना अधिकार हाय त्यांनी वरडावं!

ज्यांना अधिकार होता ते धोंडिबातात्या वेरूळला घृष्णेश्वराच्या रांगेत मोबाइल बंद करून उभे होते. पद मिळालं म्हणून नवस फेडायला गेले होते.

इकडं सभेत अतुल चुळबुळला. "अध्यक्ष, एक मिनिट. आमची आई म्हणतेय, पाणी आल्यासारखं वाटतंय."

"तात्यांची सूचना आली का?"

"नाय."

"मग तू पडताळणी कशाची करणार? आधी सूचना, मग पडताळणी. आपला विषय आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

"बरं," अतुल म्हणाला.

उपाध्यक्षांचा कार्यकाळ ठरला. प्रेरणास्थानानं आभार मानायला सुरुवात केली, त्यांना थांबवण्यात आलं.

"आता आयत्या वेळचे विषय. अतुल, तुझा काय होता?"

"पाण्याचा होता. पण तो मी मागं घेतो."

"का?"

"गेलं."

मेघा घरी आली, तिनं हौदाचं झाकण उघडलं आणि तळ बघितला. पुढं ती जे बोलली ते सभेच्या वृत्तांतात घेण्यासारखं नव्हतं. संस्कृती नवी साडी छातीशी धरून रडवेली झाली. "भावजी, पाव्हण्यांना काय म्हणायचं? नळाचा ठराव झाला नाय म्हणून?"

विश्वजीतनं टँकरवाल्याला फोन लावला.

"नक्को भाई, आज मत बोलो! तुम्हारी पूरी कॉलनी टँकर माँगरी. सोमवार के पहले कुछ नै होता!"

मनकर्णाबाईंचा सोडला तर अख्ख्या कॉलनीचे हौद कोरडे राहिले होते. ज्यांनी फ्लेक्ससमोर फोटो काढले होते तेच आता फ्लेक्सखाली उभे राहून अध्यक्षांचा पत्ता विचारत होते.

रविवारी सकाळी अध्यक्षांनी ओल्या टॉवेलनं अंग पुसलं, नवा शर्ट घातला. प्यायला जार आणले होते, पण वापरायला थेंब नव्हता. मेघा मनकर्णाबाईंकडं जाऊन आली होती, ती हात हलवत. "त्या म्हणतात, ज्यानं अधिकार काढला त्याला पाठवा!"

दोन हंडे घेऊन विश्वजीत शेजारच्या ओट्यासमोर उभा राहिला.

"मावशी, चुकलं."

"तुझं कुठं चुकलं बाबा? मलाच कुठं भूमिका हाय!"

"मावशी, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे हो! तुम्ही म्हणाल ते पद देतो. जलवार्ता प्रमुख? उपाध्यक्ष?" बाई बघेनात. विश्वजीतनं हंडे खाली ठेवले. "बरं, अध्यक्ष व्हा!"

बाईंनी मान वर केली. "अध्यक्षाला काय काम असतं रे?"

विश्वजीत खरं बोलणारा माणूस होता. "तसं... काहीच नसतं."

"मग ते तूच ठेव. मला माझं बटन दे. अन् बटन एकट्या माझं नको, सगळ्यांचंच चालू कर."

त्यानं तिथंच सरिताला फोन लावला. बटन चालू झालं. बाई उठल्या, पाईप काढला आणि म्हणाल्या, "हंडे कशाला? हौदातच सोड की! पोरीसाठी नाय म्हणाले असते व्हय मी?"

विश्वजीत वळला, तर मागं जीप उभी! पैठणची मंडळी ठरल्यापेक्षा लवकर आली होती. शिवराजचे वडील कडूबाभाऊ कमरेवर हात ठेवून शांतपणे हे सगळं ऐकत होते. किती वेळापासून, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाकीचा कार्यक्रम बेष्ट झाला. हात-पाय धुवायला भरपूर पाणी होतं, पोहे मोकळे झाले होते. शिवराजनं संस्कृतीला एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून दोघंही लाजले. मुलगी पसंत! मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. कालपासून पहिल्यांदाच ते रागाचं नव्हतं.

लगेच लग्नाच्या कामांची वाटणी निघाली. कडूबाभाऊ बोटांवर मोजत सांगायला लागले, "मांडव आमच्याकडं. आचारी तुमचे सासरे बघतील. आहेर मेघाताईंकडं. अन् पाणी..."

विश्वजीत सावरून बसला.

"पाणी आम्हीच बघतो," कडूबाभाऊ घाईनं म्हणाले. "धरण दारातच हाय आमच्या."

"मग माझ्याकडं काय?" विश्वजीतनं विचारलं.

कडूबाभाऊंनी त्याच्याकडं लई मायेनं बघितलं.

"पाव्हणं, तुम्ही अध्यक्ष ऱ्हावा."

मेघानं तिथल्या तिथं अनुमोदन दिलं.