आभारानंतरचे गाणे

भंडारा जिल्ह्यात ब्लूज-रॉकची तीन पथके होती. प्रत्येकात एक कलावंत, एक अध्यक्ष आणि बाकी मेहुणे असत. कलावंत व अध्यक्ष एकच असल्याने मतभेद होत नसत. मात्र तिन्ही अध्यक्षांनी जिल्ह्याच्या हितासाठी एकत्र यायचे ठरवले आणि 'वैनगंगा ब्लूज महापथक' जन्माला आले.

जवाहरनगरचा विनोद गिटार वाजवी, भांड्यांच्या दुकानातला मंगेश ड्रम आणि धानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा अमर माउथ ऑर्गन. पहिल्याच बैठकीत अडचण निघाली. ब्लूज म्हणजे दुःखाचे गाणे विजेवर वाजवणे. वीज होती. दुःख मात्र तिघांच्या घरी शोधूनही सापडेना. तेव्हा दुःखाची व्यवस्था बाहेरून करावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

म्हणून तुळसा आली. तिचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली होते आणि ती नव्या वस्तीत भजने गाई. तिने स्वतः रचलेले एक गाणे म्हणून दाखवले: 'पान्याखाली माहा उंबरठा, सारवू कोन्या हातानं.'

"वा! एकदम ओरिजिनल दुःख हाय," विनोद म्हणाला. "ताई, तुमचं गानं शेवटी. मोठी वस्तू शेवटीच असते."

हे ऐकून तुळसाच्या आईने, जनाबाईने, देवासमोर संकल्प सोडला: लेकीचे गाणे स्टेजवर, माईकवरून ऐकेपर्यंत भात खाणार नाही.

"माय, भात कायले सोडला? उपासच कर ना सोमवारचा."

"उपास तं हायेच व. देवाले सस्त्यात नाही पटवत."

जन्मभर धान रोवलेल्या बाईने ज्वारीची भाकरी धरली.

पहिला कार्यक्रम शारदा मंडळात. मंडळाने तिन्ही अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. तिघांनी मंडळाचा केला. मग आपसात एकमेकांचा केला, कारण न करणे उद्धटपणाचे दिसले असते. प्रत्येकाने सत्काराला उत्तर दिले. दोन गाणी झाली, वेळ संपली.

दुसऱ्या कार्यक्रमात सत्काराच्या उत्तरालाही उत्तरे झाली. वाद्यांच्या खोळी निघाल्याच नाहीत. लोक खूश होते. त्यांच्या मते महापथकाचा आवाज पहिल्यापेक्षा सुधारला होता. कीर्ती पसरली. तिसऱ्या आयोजकाने फोनवरच सांगितले, "वाद्यं नोका आनू भाऊ. नारळं ठेवाले जागा नाही पुरत."

दर वेळी जनाबाई पहिल्या रांगेत बसे आणि घरी येऊन भाकरी मोडे. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत.

"पुढच्या बारीले नक्की गाईन, माय."

"मी कुठं पळून राहिली?"

चौथ्या कार्यक्रमात अमरच्या नारळाला शेंडी नव्हती.

"काहून? मी कमी वाजवतो का?" अमर कडाडला.

"तू वाजवलं कधी?" मंगेशने विचारले.

महापथक फुटले. संगीतविषयक मतभेद, असे पत्रकात म्हटले होते. प्रत्यक्षात मतभेद व्हावेत इतके संगीत झालेच नव्हते. इतके थोर पथक गुपचूप फुटणे बरे दिसेना, म्हणून विघटन-समारंभ ठेवला. मैदान भरून वाहिले. तिघांचा निरोपाचा सत्कार झाला. नारळांच्या शेंड्या आधी मोजून घेतल्या होत्या. विनोदने आभार मानले आणि उतरता उतरता तुळसाला म्हणाला, "गा ना ताई आता. स्टेज तुमचंच हाय."

तुळसा माईकपाशी गेली. माईक मुका होता. माईकवाले केशवराव वायर गुंडाळत होते.

"केशवकाका, एकच गानं हाय."

"आभार झाले ना बाई. आभारानंतर माईक चालू ठेवलेला मी बत्तीस वर्षांत नाही पायला."

तुळसाने डोळे मिटले आणि तशीच गायली. उंबरठा, चूल, पाण्यात उभी राहिलेली चिंच, सगळे गायली. डोळे उघडले तेव्हा मैदानात एक सतरंजी होती आणि तिच्यावर जनाबाई.

"झाक गायली व," माय म्हणाली. मग उठून सतरंजी झटकत, "माईक चालू होता का?"

देवाच्या कामात खोटे बोलायचे नसते. "नाही, माय."

"असू दे. भाकरीच टाक मंग आज."

जनाबाईचा भात अजून बंद आहे. त्या दिवशी 'आभार' हा शब्द ऐकताच मैदानातून आपणही उठलात, हे साहजिकच होते. मागे गाणे चालू होते, हे आपल्याला कसे कळावे? चप्पल मात्र सापडली ना?