शून्याकडचं टोक

दामूभाऊ मोजणीच्या टेपचं शून्याकडचं टोक कधी स्वतः धरत नाहीत आणि मलाही धरू देत नाहीत. ज्याचं घर, त्यानेच ते आपल्या भिंतीला लावून उभं राहायचं. दुसरं टोक नगरपंचायतीचं, म्हणजे भाऊंचं. आणि मध्ये मी, आकडे लिहायला.

"हा नियम कुठल्या पुस्तकात आहे, भाऊ?" असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. डिप्लोमात तो मला कुठे भेटला नव्हता. जे भेटलं नाही ते माझ्याकडूनच वाचायचं राहिलं असणार, असं मला नेहमी वाटतं.

"आदी काम कर. भांडण झालं का पुस्तक आपोआप उघडंल," भाऊ म्हणाले.

मला काही कळलं नाही. तसं मला बरंच कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नेमणुकीच्या कागदावर 'शिकाऊ आरेखक' असं लिहिलंय. गावी, पोशीरला, बाबांनी तो मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, "म्हंजी तलाठी का रं?" मी नाही म्हणालो. मग काय, ते मात्र मला धड सांगता आलं नाही.

भाऊ आमच्या खात्यातले जुने सर्व्हेअर. ते माप फुटात बोलतात, मी कॉम्प्युटरवर मीटरमध्ये काढतो. त्यामुळे सुरुवातीला माझ्या नकाशात एक संडास शाळेच्या वर्गाएवढा झाला. भाऊंनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. "गावाची सोय केलीस," एवढंच म्हणाले.

मग नव्या गटारासाठी एका गल्लीची मोजणी निघाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून बजावलं, "सोमवारी नकाशा टेबलावर पाहिजे. नाही जमलं तर मला दुसरा मुलगा बघावा लागेल." मी मान हलवली. बाहेर येऊन भाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "घरवाले घरात सापडले तर जमंल."

घरवाले सापडत, पण टेप सोडत नसत. एक आजी टोक दोन्ही हातांनी ओढून धरायची. भाऊ तिला म्हणाले, "आजे, ढिलं सोड. म्हैस नाय बांधलीस."

"तुमी सरकारी माणसं. सोडलं का पुढं सरकाल," आजी म्हणाली.

पलीकडच्या बंगल्यात मुंबईचे एक गृहस्थ हाफपँटवर खुर्चीत बसलेले. त्यांनी वॉचमनला पुढे केलं. भाऊ टेप गुंडाळून तिथेच कट्ट्यावर बसले. "बंगला त्याचा हाय का? नाय ना? मग बसतो मी." शेवटी गृहस्थ चपला शोधत उठले.

असं करत शनिवारपर्यंत सगळी गल्ली झाली. एकच घर राहिलं. कौलारू, पुढे ओटा, दाराला कुलूप.

"आपणच घेऊ ना माप," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"घरवाला येंल. शेलूला ऱ्हातो. उद्या बोलावलाय."

रविवारी आम्ही त्या ओट्यासमोर उभे. माझ्या डोक्यात फक्त सोमवार. ऊन चढलं, कोणी आलं नाही. भाऊंनी फोन लावला. त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर.

"अरे ये रं. अर्धा तास. टेपच धरायचीय."

"बाबा, आज नाय जमत. फोटो काढून पाठवा ना."

बाबा म्हटल्यावर मी ओट्याकडे पाहिलं, मग भाऊंकडे.

"हे तुमचं घर?"

"ही गेल्यापासनं मला एकटं ठेवत नाय पोरगा. शेलूला नेलं. चांगला हाय तो," भाऊ घाईने म्हणाले.

"मग घरवाले तुम्हीच की. धरा टोक."

"आन् नगरपंचायतीचं कोण धरंल? मीच हिकडं, मीच तिकडं? गल्ली काय म्हणंल?"

मी वही ओट्यावर ठेवली. मग मीच म्हणालो, "मी धरतो. कागदावर मीही नगरपंचायतीचाच आहे."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं माझं चुकलंच. मग त्यांनी शून्याचं टोक घेतलं आणि वाकून आपल्या भिंतीला लावलं. मी टेप ताणली. आकडा दोनदा वाचला.

"ओटा गटारात जातोय का रं?"

"अर्धा जातोय, भाऊ. लाइन थोडी पलीकडे घेता येईल का, साहेबांना विचारू?"

"आजीच्या वेळंला विचारलं होतंस?"

मी आकडा लिहिला.

मला वाटलं, झालं, आता निघू. पण भाऊंनी खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. आत रिकाम्या खोलीत कौलांतून पडलेल्या मातीचा थर होता. आवाज ऐकून शेजारच्या मंदाकाकू दारात आल्या.

"ऱ्हायला आलात का, भाऊ?"

"नाय गं. मापापुरता," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी काकूंकडे केरसुणी मागितली.