पहिलं पोट, मग पासपोर्ट

सिडनीतल्या एका गे क्लबच्या दारावर मी आधार कार्ड दाखवलं.

यात सांगण्यासारखं काही नाही, पण लपवण्यासारखंही आता फारसं उरलेलं नाही, म्हणून सांगून टाकतो. बाउन्सर दारापेक्षा रुंद होता. त्याने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं, दिव्याखाली धरलं. "हे काय आहे, मेट?" मी म्हणालो, "गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया." त्याने कार्ड पुन्हा उलटं केलं. म्हणून मीच पुढे म्हणालो, "बायोमेट्रिक आहे. बोटांचे ठसे, डोळे, सगळं लिंक्ड आहे." आणि पुरावा म्हणून अंगठा पुढे केला. त्याने माझ्या अंगठ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाला, "नो वरीज. पासपोर्ट घेऊन ये."

पासपोर्ट कॅनबेरात होता. गुंगालिनमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, सुटकेसमध्ये, कुलपात. मी प्रोजेक्टसाठी पुण्याहून आलेला, साडेतीन तास बसमध्ये बसून सिडनीला पोचलेला. निघताना आईने फोनवर बजावलं होतं, पासपोर्ट बरोबर नेऊ नकोस, हरवेल. तिला वाटत होतं मी देवळात चाललोय. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गे क्लबात जाताना, मी आईचं ऐकलं होतं.

"अरे देवा," मी मोठ्यानेच म्हणालो.

"देवाला मधे घेऊ नको, त्याच्याकडे पण पासपोर्ट नाही," रस्त्याच्या पलीकडून मराठीत उत्तर आलं. "अंगठा कशाला दाखवत होतास मेन त्याला? रेशनचं दुकान आहे काय?"

पलीकडे बसस्टॉपच्या बाकावर एक सत्तरीला टेकलेले गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या खिशाला भली मोठी सेफ्टीपिन, पायाशी कापडी पिशवी आणि शेजारी थर्मास. मी रस्ता ओलांडला. त्यांनी मला बस म्हटलं, थर्मासच्या झाकणात चहा ओतला, आणि पिशवीतून पानात गुंडाळलेलं एक सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, काढून दिलं.

"खा. जेवला पण नसशील."

मी खरंच जेवलो नव्हतो. पोट सुटलेलं दिसू नये म्हणून.

हे बावतीस अंकल. मूळचे वसईचे, म्हणून बोलण्यात सारखं 'मेन'; ऑस्ट्रेलियात कधी आले ते त्यांनाही आठवून सांगावं लागतं. इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढण्यात सगळी नोकरी झाली, आता निवृत्त. राहणार हॅरिस पार्क, एका मिठाईच्या दुकानाच्या वर, त्यामुळे त्यांच्या घरात जिलबीचा वास आणि भिंतीवर येशू. सिडनीत लोक बॉसलासुद्धा नावाने हाक मारतात. तेही प्रत्येकाला सांगत, "मला अंकल बोलू नको, बावतीस बोल." आजपर्यंत कोणाला जमलेलं नाही.

दर रविवारी दुपारी ते त्या बाकावर येऊन बसत. क्लबात रविवारी 'आर्वो पार्टी' असते, म्हणजे दुपारची पार्टी, चारला सुरू आणि नऊला बंद. नाइटलाइफ म्हटल्यावर मी रात्रभराची तयारी करून आलो होतो, दुपारी झोपसुद्धा काढली होती, आणि इथे लोक ऑफिसातून सुटल्यासारखे नऊला घरी जात होते. चाळिशीच्या गे माणसासाठी याहून चांगली सोय जगात कुठे नसेल. त्या पाच तासांत अंकलचं 'दुकान' उघडं असे. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, बँडेड, फोनचा चार्जर, कंडोम, आणि बाल्कनीत स्वतः वाळवलेली सुकेळी. "वसईच्या उन्हात केळं सुकतं," ते म्हणत. "इकडच्या उन्हात भाजतं."

मुंबई-पुण्याहून कोणी कॉन्फरन्सला, प्रोजेक्टला, भावाच्या घरी सुट्टीला आला, आणि त्याला संध्याकाळी भावाला न सांगता कुठे जायचं असलं, की कोणीतरी त्याला अंकलचा पत्ता देई. सल्ला फुकट. कंटाळलेल्या आवाजात, एका लयीत, धर्मशिक्षणाच्या वर्गासारखा.

"पहिलं पोट, मग पासपोर्ट, मग पुरुष. या ऑर्डरने चाल. ऑर्डर चुकली की बाकावर येऊन बसतोस."

दुसऱ्या रविवारी मी पोट भरून, पासपोर्ट घेऊन आलो, सोमवारी सुट्टी म्हणून रात्रीपुरतं हॉटेलही घेतलं होतं, तर म्हणाले, "आत ग्लासवरचा हात काढायचा नाही. बारमनने तुझ्यासमोर ओतलेलं, तेवढंच पी. वॉशरूमला जायचं तर संपवून जा, नाहीतर सोडून जा. परत आल्यावर तो ग्लास तुझा नाही. कोणी पावडर देईल, कोणी गोळी देईल, गोड बोलून देईल. तू एक्स-रेच्या डिपार्टमेंटला काम केलं नाहीस, मी केलंय. नको. आणि हॉटेलचं कार्ड खिशात ठेव. फोन मेला की तुला तुझ्या हॉटेलचं नाव पण सांगता येणार नाही."

"हॉटेलचं नाव येतं मला, अंकल."

"सांग."

मला आलं नाही.

ते निरुत्साहाने मान हलवत. थकलो रे, असं दर दहा मिनिटांनी म्हणत. "किती वर्षं तेच तेच सांगू? आणि तरी दर महिन्याला एक नवीन आधार कार्डवाला येतो."

सौनाचा धडा मात्र मी न विचारताच परस्पर केला आणि त्याची शिक्षाही घेतली. पुरुषांचा सौना म्हणजे पाणी असणार, या हिशेबाने मी पुण्यातल्या तलावावर जातो तसा गेलो. पोहण्याची चड्डी, डोक्याला रबराची टोपी, डोळ्याला गॉगल. बाकी सगळे कमरेला एकेक टॉवेल गुंडाळून फिरत होते आणि वाफेत मी एकटाच ऑलिंपिकला निघालेला. गंमत अशी की कोणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं ही माझी खास आवड असावी. दोघेजण टोपीबद्दल फार आदराने बोलले. तिसऱ्याने विचारलं, स्नॉर्कलपण आहे का? मी कातड्याचे पट्टे घातलेल्या त्या पन्नाशीच्या भल्या माणसाला म्हणालो, "नो, अंकल." त्याचा चेहरा जो पडला तो मला अजून दिसतो. आम्हाला लहानपणापासून वाटतं की मोठ्या माणसाला मान दिला की तो खूष होतो.

हे ऐकून बावतीस अंकलनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "टॉवेल ते देतात. चपला तू न्यायच्या. फोन लॉकरला, बाहेर काढायचा नाही, फोटो तर बिलकुल नाही. तिकडे कोणाची बायको आहे, कोणाचा बॉस आहे. कोणी तुझा हात बाजूला केला, तर ते 'नाही' झालं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. तू कोणाचा बाजूला केलास, तर सॉरी बोलायचं नाही. तू बोललास ना?"

"तीनदा."

"माहीत होतं."

त्यानंतर डॉक्टरचा विषय. परदेशी निघायच्या आधी आपल्या गावच्या डॉक्टरला भेट, एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या मिळतात, त्या विचार, लाजू नको, ते लाजत नाहीत. काही चूक झालीच तर तीन दिवसांच्या आत क्लिनिक गाठ, चौथ्या दिवशी माझ्याकडे रडत येऊ नको. आणि जिथे जातोस त्या देशाचा कायदा बघ. "काही देशांत हे सगळं गुन्हा आहे. तिकडे उतरायच्या आधी फोनमधली ती ॲप्स काढून टाक. तिकडे तू फक्त म्युझियम बघ, मेन. म्युझियम पण छान असतात."

हे सगळं ते बाकावरून सांगत. समोर क्लबचं दार, दारातून गाणी ऐकू येत. जुनं एखादं गाणं लागलं की अंकलचा उजवा पाय बुटाच्या आत हलायला लागे. एवढंच. रस्ता ते कधी ओलांडत नसत.

"आत का येत नाही तुम्ही?" मी विचारलं की एकदा गुडघे, एकदा आवाज, एकदा "दुकान कोण बघणार?" असं म्हणत आणि सेफ्टीपिन लावलेल्या खिशावर हात ठेवत. "आत काय आहे?" विचारलं तर म्हणाले, "हार्टची गोळी." मी विषय वाढवला नाही.

त्यांची एकच सक्ती होती. घरी पोचल्यावर त्यांना मेसेज करायचा. एकच शब्द: पोचलो. एरवी मी रविवारच्या शेवटच्या बसने कॅनबेराला परतत असे. तिथे थंडी अशी की बसस्टॉपवरचं गवत पांढरं झालेलं. एकदा तसाच अंथरुणात शिरलो आणि मेसेज राहिला. सकाळी उठून पाहिलं तर अंकलचे मिस्ड कॉल मोजायची हिंमत होईना. शेवटचा पहाटेचा.

आठवडाभर मीटिंगांमध्ये होकार देऊन देऊन मी आधीच वैतागलेलो. फोन केला आणि म्हणालो, "अंकल, माझी आईसुद्धा एवढी चौकशी करत नाही."

"तिला माहीत नाही म्हणून," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी बाकावर बसलो. सॉरी म्हणालो. त्यांनी सुकेळ्याचं पान सोलत सोलत, एखाद्या लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं सांगितलं. ग्लेन म्हणून एक होता. फेरीबोटीवर कामाला. दोघं दर रविवारी याच क्लबात यायचे. "सिडनीतला सगळ्यात वाईट नाचणारा माणूस. मी काउंट द्यायचो, वन-टू-थ्री, तो फाइव्हवर पाय टाकायचा." एकदा दोघं सुट्टीला बँकॉकला गेले. तिसऱ्या संध्याकाळी अंकलला ताप होता, ते हॉटेलात झोपून राहिले, ग्लेन एकटा बाहेर गेला. तिथल्या एका बारमध्ये बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. त्याच्या खिशात त्याच्या बहिणीचं नाव होतं, पर्थच्या. हॉस्पिटलने तिला फोन केला.

"तिने मला कळवलं. चांगली बाई. पण तिला माझी आठवण यायला वेळ लागला." त्यांनी सुकेळं माझ्या हातात दिलं. "तोवर मी हॉटेलात. रुसून कुठे राहिला असेल असं वाटलं मला. रागावून बसलेलो मी, मेन. खाली जेवायला पण गेलो नाही."

समोर क्लबात लोक गाण्याबरोबर ओरडत होते. मी सुकेळं खाल्लं.

प्रोजेक्ट संपलं. सोमवारी सिडनीहून माझं विमान होतं आणि रविवारी मी शेवटचा बाकावर गेलो. डोक्यात एकच होतं: या माणसाला तो रस्ता ओलांडायला लावायचं. मी पुण्याला गेल्यावर दुसरा कोणीतरी आधार कार्डवाला येईल, आणि हे पलीकडेच बसून त्याला सुकेळी देत राहतील.

"चला," मी म्हणालो.

"गुडघे."

"माझा खांदा आहे."

"दुकान?"

मी पिशवी आणि थर्मास उचलला, रस्ता ओलांडला आणि बाउन्सरच्या पायाशी नेऊन ठेवला. तो म्हणाला, "नो वरीज, मी बघतो." पलीकडे अंकल रिकाम्या बाकावर बसून राहिले. शेजारी काही नाही, पायाशी काही नाही. वाईट दिसत होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे मी चूक केली. पाच-सात गाड्या गेल्या. मग ते उठले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि आले.

बाउन्सरला त्यांचा चेहरा पाठ होता. तरी त्याने पाठ ताठ केली आणि अगदी अदबीने विचारलं, "आयडी, सर?"

अंकलनी सेफ्टीपिन काढली. मी मदत करायला गेलो तर माझा हात झटकला. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी निघाली. पिशवीत पासपोर्ट.

दर रविवारी. आत जायचंच नाही म्हणणारा माणूस दर रविवारी पासपोर्ट खिशात पिन लावून येत होता.

आत नेहमीसारखीच गर्दी होती. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, दिवसभर काम करून थकलेले पुरुष, आणि केसांचा भला मोठा सोनेरी टोप घातलेली ड्रॅग क्वीन. तिने अंकलना पाहिलं आणि माइकमध्येच "ओह, डार्लिंग" म्हणाली. मग तिने सरळ गाणं लावलं. अंकल नाचले. वसईच्या लग्नात नाचावं तसे, पाठ ताठ, पाऊल हलकं, गुडघ्यांची तक्रार नाही. समोर कोणीतरी हवं म्हणून मी उभा राहिलो. ते ओरडून काउंट देत होते, वन-टू-थ्री, आणि मी प्रयत्न करत होतो. मधेच एकदा त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मी माझे पाय बघत राहिलो.

नऊला बंद. त्यांना ट्रेनपर्यंत सोडलं. त्यांनी बजावलं, "जेवून विमानात चढ. पहिलं पोट."

मी म्हणालो, "आज तुम्ही मेसेज करायचा. पोचल्यावर."

"मी? कोणाला?"

"मला."

ते ट्रेनचा बोर्ड बघत राहिले. मग चढले.

हॉटेलवर येऊन मी फोन हातात घेऊन बसलो. हॅरिस पार्क काही लांब नाही, पण जीव टांगणीला लागला. आईचा फोन आला, तो मी कट केला. रेंज पाहिली. चार्जर लावला. ज्या माणसाने मला इतक्या रविवारी असं ताटकळत बसून जपलं होतं, त्याच्यासारखा मी खिडकीपाशी उभा राहिलो.

फोन वाजला.

"पोचलो."

मी कॉटवर बसलो. उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

"ग्लेनपेक्षा वाईट नाचणारा जन्माला येईल असं मला वाटलं नव्हतं, मेन. तू त्याला पण मागे टाकलंस."