पोस्टमन पेगची वंशावळ

जेवणाच्या टेबलावर वंशावळ पसरल्यापासून क्लेमेंट पेग उभ्यानेच जेवत असे. कागद चार हात लांब आणि त्यावर मजकूर म्हणाल तर वीतभर. सगळ्यात खाली क्लेमेंट, वर बाप, त्याच्या वर आजोबा. आजोबांच्या शेजारी त्यांची बहीण जमायमा, आणि तिच्यापुढे लिहिलेलं : ‘कॅनडाला गेली. पत्र नाही.’ त्यांच्या वर पणजी हॅना, माहेरचं आडनाव फॅरिंडेल. तिच्या वर कागद कोरा होता.

अपर हिंडल गावात क्लेमेंटने चाळीस वर्षं टपाल वाटलं. कोणाचा जावई कुठून लिहितो, कोणाची बहीण रुसून लिहायची थांबली, सगळं त्याला पाठ. त्याच्या स्वतःच्या नावाने मात्र एकच पत्र आलं, आता निवृत्त व्हा म्हणून. लग्न झालं नव्हतं, आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. रविवारी तो आईच्या पद्धतीने शहाजिऱ्याचा केक करायचा आणि शनिवारपर्यंत एकटाच संपवायचा. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे माणसं गुलाब लावतात. याने पूर्वज शोधायला घेतले. कुणीतरी आपलं म्हणावं असं हवं, एवढंच त्याचं म्हणणं. जिवंत मिळत नाहीत, तर मेलेले तर मेलेले!

“मेलेले काय पत्र लिहिणारेत तुम्हाला?” शेजारच्या विनिफ्रेड टटलबाई म्हणाल्या. त्या साखर मागायला येत आणि तासभर बसत.

“नसेनात का. पण मी कुणाचा ते तरी कळेल.”

आणि मार्चमधल्या एका मंगळवारी ते कळलं. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीत स्वच्छ ओळ होती : ‘१८११. हॅना, फॅरिंडेल हॉलच्या सर जाइल्स यांची कन्या.’ क्लेमेंट धावत घरी आला. चाळीस वर्षांत तार घेऊनसुद्धा तो कधी धावला नव्हता.

“टटलबाई, मी फॅरिंडेल आहे!”

“तुम्ही? अहो, परवा तर कोबीवरच्या अळ्या वेचत होतात.”

“अळ्या वेचल्या म्हणून रक्त बदलतं का? पण कोणाला सांगू नका हं.”

“छे हो, माझ्या पोटातून बाहेर पडायचं नाही.”

पडलं. फाटकाशी पोचायच्या आत पडलं. संध्याकाळपर्यंत खाटकाने क्लेमेंटला पाहून टोपी काढली. बुधवारी पुष्पप्रदर्शनाच्या समितीने त्याला उद्घाटक नेमलं. आदल्या वर्षी याच समितीने त्याचे कांदे बाद केले होते. पबच्या पाट्या रंगवणारा गिबिन्स तर न विचारता पाटीवर फॅरिंडेल घराण्याचं चिन्ह असलेली ढाल रंगवून घेऊन आला. ढालीवर खरं तर तीन हंस हवे होते. गिबिन्सने जन्मात हंस पाहिला नव्हता, त्यामुळे तिथे तीन बदकं होती, आणि त्यातलं एक हसत होतं.

“ही दारावर लावा, साहेब,” गिबिन्स म्हणाला. त्या ‘साहेब’वर क्लेमेंट विरघळला. पाटी दाराशी टेकून ठेवली, आणि त्याच भरात त्याने फॅरिंडेल हॉलवर, म्हणजे घराण्याच्या वाड्यावर, चहाच्या आमंत्रणाचं पत्र लिहिलं.

हॉलमध्ये आता एकट्या मिस ऑक्टेव्हिया उरल्या होत्या, घराण्यातल्या शेवटच्या. सत्तरीला टेकलेल्या. छप्पर गळायचं म्हणून चाळीस खोल्यांपैकी दोनच वापरात होत्या. माणसांत येत नसत. क्लेमेंटला त्यांचं टपाल ठाऊक होतं : बियाण्यांची सूचीपत्रं. आठवड्याला दोन-तीन, कधी रोज. बागेत तर खाजकुइलीशिवाय काही उगवत नव्हतं. श्रीमंतांचं डोकं, म्हणून तो गप्प राहिलेला.

उत्तर पुढच्या सोमवारी आलं, पण हॉलच्या म्हाताऱ्या गड्याने तोंडीच आणलं : “बाईसाहेब गुरुवारी चहाला येणारेत.”

झालं! टटलबाईंनी आपला चांगला टी-सेट आणून दिला. क्लेमेंटने खिडक्या पुसल्या, केकचं भांडं काढलं. आणि बुधवारी दुपारी धर्मगुरू लम्ली फाटकाशी घुटमळले.

“पेग, दफनाची वही पाहिलीत का हो?”

“ती कशाला? मला जन्म हवा होता.”

“अहो, वंशावळ करणारे सगळे इथेच फसतात! ज्याला जन्माला घातलं, तो जगला का हे बघायला नको? सर जाइल्सची हॅना तीन आठवड्यांत गेली. आणि बाप्तिस्म्याच्या वहीत जरा पुढे बघितलं असतंत, तर दुसरी हॅना सापडली असती. हॉलच्या फाटकाशी कुणीतरी ठेवून गेलेली. बेवारस मुलाला सापडल्या जागेचं आडनाव द्यायची रीत होती. मालकीणबाईंची लेक नुकतीच गेलेली, म्हणून नावही तेच दिलं. ती तुमची पणजी.”

क्लेमेंट पायरीवर बसला. टटलबाई कुंपणावरून ऐकतच होत्या. वर आणखी एक पिढीसुद्धा नाही, कोरा कागद कोराच. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

“मी फाटकाचा आहे, टटलबाई. फाटकाच्या आतला नाही.”

“मग गप्प बसा की! उद्या चहा पाजा, परवा आजारी पडा. कोण बघतंय ती वही?”

“नाही हो. एकाचं पत्र दुसऱ्याच्या दारात मी कधी टाकलं नाही. आता काय टाकू?”

गुरुवारी मिस ऑक्टेव्हिया काठी टेकत चालतच आल्या. अंगात कुणा आजोबांचा रेनकोट. दाराशी त्या थबकल्या, बदकांकडे बराच वेळ पाहिलं आणि आत येऊन बसल्या. टटलबाई कुंपणाशी उभ्या राहून तेच तेच झुडूप कापत होत्या.

क्लेमेंटने चहा ओतला, केक कापला, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. “चूक झाली, बाईसाहेब. मी तुमचा कोणी नाही. माफ करा.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्या तान्ह्या हॅनाच्या थडग्यावर मी लहानपणापासून फुलं ठेवतेय.”

“मग आलात कशाला?”

त्यांनी केकचा तुकडा उचलला आणि उलटा करून पाहिला. तळाला तमालपत्र चिकटलेलं होतं. त्यांनी ते बोटाने चाचपलं.

“हे पान कोणी शिकवलं?”

“आईने. तिला माझ्या आजोबांनी. पेगांच्या घरी असाच करतात, तळाला पान घालून.”

“माझी आजीही असाच करायची. स्वयंपाकीण रजेवर गेली की दार लावून घ्यायची आणि आम्ही दोघीच खायचो. लेडी फॅरिंडेल! उमराव घराण्यांच्या त्या जाड लाल पुस्तकात ती आरमारातल्या कॅप्टनची मुलगी आहे. पुस्तकाला काय, घराणं लिहून पाठवेल ते छापतात. ती आमच्याच स्वयंपाकघरात भांडी घासायची, पेग. धाकट्या मालकांनी लंडनला नेऊन लग्न केलं, वीस वर्षं परदेशात ठेवली आणि मग चेहरा झाकणारी जाळीची टोपी घालून परत आणली. तिचं नाव जमायमा.”

क्लेमेंटने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. “ती तर कॅनडाला गेली.”

“कॅनडा दीड मैलावर होता. रस्त्यात भाऊ दिसला तरी दोघांनी एकमेकांकडे बघायचं नाही, अशी अट होती. मरताना तिने मला सांगितलं. तुम्ही फॅरिंडेल नाही, पण मी पेग आहे.”

बाहेर टटलबाईंची कात्री थांबली.

“मग चाळीस वर्षं बोलला का नाहीत?” क्लेमेंट उठून उभा राहिला. “मी रोज दारात येत होतो!”

“आधी वडिलांची भीती, मग लाज. पण रोज कुठे येत होतात? पत्र असलं तरच यायचात ना!” त्यांनी खाली पाहिलं. “बाग नसताना एवढी सूचीपत्रं मी कशाला मागवत होते, असं वाटलं तुम्हाला?”

शनिवारी सकाळी क्लेमेंटचं दार वाजलं. नवा पोस्टमन बर्ट, पन्नाशीचा, दमेकरी. हातात लिफाफा. टटलबाई साखर विसरून आत घुसल्या.

“कुणाचं? वाचा की मोठ्याने!”

क्लेमेंटने वाचलं : “प्रिय क्लेमेंट, कॅनडात आज ऊन पडलंय. रविवारी ये. केक आण, पान विसरू नकोस. बदकंही घेऊन ये, माझ्या दारावर लावायचीत. तुझी बहीण, ऑक्टेव्हिया.”

त्याने पत्राची नीट घडी घातली, लिफाफ्यात सरकवलं आणि फाटकाकडे निघालेल्या बर्टला हाक मारून ते त्याच्या हातात परत ठेवलं.

“काय झालं? पत्ता चुकला?”

“नाही रे,” क्लेमेंट म्हणाला. “मी दार लावून घेतो. तू पुन्हा एकदा वाजव.”