चौदा नंबरची जागा आणि ड्वेन

"एका दमात लावून दाखवतो," असं ड्वेनने फाटकातच सांगून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं. पण ॲरिझोनातल्या त्या मोटरहोम पार्कात, म्हणजे चाकांवरची घरं लावायच्या तळावर, हिवाळाभर मुक्काम ठोकणारी निवृत्त मंडळी दुपारी दुसरं करणार तरी काय? नवी गाडी आली की घडीच्या खुर्च्या उचलायच्या, कॉफीचे मग घ्यायचे आणि ती उलटी घेताना मालकाची कशी तारांबळ उडते ते बघत बसायचं. बघता बघता सोळा खुर्च्या मांडल्या गेल्या.

आतून मात्र ड्वेनची पार टरकली होती. नेब्रास्कातलं घर विकून ही छत्तीस फुटी गाडी घ्यायला त्याने बायकोला, मार्लीनला, दोन वर्षं पटवलं होतं. आणि निघाल्यापासून तीन आठवड्यांत एका पेट्रोल पंपाचा खांब वाकवला होता, एक मांडव आडवा केला होता. "तिसरी धडक बसली की गाडी विकायची," मार्लीनने शांतपणे बजावलं होतं, "आणि ओमाहाला माझ्या बहिणीच्या तळघरात राहायला जायचं." ही बहीण पहाटे उठून ऑर्गन वाजवायची.

गाडीमागचा कॅमेरा पहिल्याच धडकेत गेला होता, म्हणून ड्वेनने वॉकीटॉकीची जोडी आणली होती. एक घेऊन मार्लीन चौदा नंबरच्या जागेपाशी उभी राहिली. ड्वेनने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"ये, ये, बिनधास्त ये," यंत्र खरखरलं. "थोडं उजवीकडे, माझ्या राजा."

ड्वेनचा पाय ब्रेकवर थबकला. राजा? एकेचाळीस वर्षांच्या संसारात मार्लीनने त्याला खूप काही म्हटलं होतं, त्यातलं निम्मं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, पण राजा कधी म्हटलं नव्हतं. हिला प्रवास चांगलाच मानवला म्हणायचा! त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अजून उजवीकडे. काय झकास येतोयस रे!"

त्याने आणखी उजवीकडे घेतलं. आरशात मार्लीन दोन्ही हात उडवत उड्या मारताना दिसली. खुर्च्यांवरची मंडळीही उभी राहून हात हलवत होती. एवढं कौतुक! ड्वेननेही खिडकीतून हात हलवला.

"थांबू नकोस राजा, मागे सगळं मोकळं आहे."

मागे रविवारच्या पंगतीचं टेबल होतं. अठरा बिऱ्हाडांनी आपापल्या घरून करून आणलेलं जेवण त्यावर मांडलं होतं. बंपर हलकेच टेकला, टेबलाने गुडघे टेकले आणि राजम्याचा टोप, बटाट्याचं सॅलड, सफरचंदाचे केक सगळे वाळूत गेले.

"लागली बघ गाडी! एका दमात!" यंत्र आनंदाने म्हणालं.

ड्वेन खाली उतरला. तेवढ्यात पार्काच्या दुसऱ्या टोकाहून एक ठेंगणी बाई धावत आली. तिच्याही हातात वॉकीटॉकी होता. पॅटी तिचं नाव. तिचा नवरा त्याच वेळी एकतीस नंबरला गाडी लावत होता. दोन्ही जोड्या दुकानातून आल्या तशाच एका चॅनलवर होत्या, आणि पॅटीने बटण दाबलं ते सोडलंच नव्हतं. त्यामुळे मार्लीनची एकही हाक ड्वेनपर्यंत पोचली नव्हती, आणि त्या खरखरीत आवाज कुणाचा ते कळायची सोय नव्हती.

"ही धडक माझ्या नावावर धरू नकोस," ड्वेन काकुळतीला आला. "मी तर सांगितलं तसंच केलं."

"कुणाच्या बायकोने सांगितलं तसं?"

"राजमा माझा होता," एक म्हातारा म्हणाला. "तरी वहिनी, गाडी विकू नका. आमची करमणूक जाईल."

मार्लीन नवऱ्याकडे वळली. "‘राजा’ असं ऐकलंस तेव्हा शंका नाही आली?"

"आली," ड्वेन मान खाली घालून म्हणाला. "पण ऐकावंसं वाटत होतं गं."

मार्लीनचा राग एकदम निवला.

"नाही विकत. किल्ली दे."

"अगं, पण तुला एवढी मोठी गाडी..."

"ड्वेन, मी बावीस वर्षं शाळेची बस चालवली. चाळीस फुटी. रोज उलटी घ्यायचे."

"हो, पण ती पिवळी होती," ड्वेन पुटपुटला, आणि त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली.