शिट्टीसाहेब नसल्याची रंगीत तालीम

माणसाने सेमिनारला जावं, फुकटचा चहा प्यावा, बिस्किटं खावीत आणि परत यावं. ऐकू नये. शिट्टीसाहेबांनी नेमकं ऐकलं आणि तिथेच सगळा घोळ झाला.

शिट्टीसाहेब एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. आग लागली तर कुणी कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे आग लागायच्या आधी शिकवणं हे त्यांचं काम. त्यासाठी गळ्यात कायम शिट्टी. (आंघोळीलाही काढत नाहीत, असं त्यांची बायको सांगते, आणि तिला ठाऊक असणारच.) तर कारखान्यात एक आर्थिक सल्लागार आला, चकचकीत बुटांचा, आणि म्हणाला की वारसा म्हणजे नुसता पैसा नव्हे, मूल्यंही मागे ठेवावी लागतात, आणि दोन्हींचं नियोजन करावं लागतं. मग बोट रोखून त्याने विचारलं, "उद्या तुम्ही नसलात, तर घर कसं चालेल?" बाकीचे लोक बिस्किटांत गुंतले होते. साहेबांनी मात्र हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं, आणि तो प्रश्न तसाच घरी घेऊन आले.

त्यांना सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बायको कपाटासमोर बसली आहे आणि पॉलिसी सापडत नाही. कॉलेजातली मुलगी बँकेच्या खिडकीशी उभी आहे आणि पलीकडचा माणूस नुसती मान हलवतोय. ऐंशी ओलांडलेले आप्पा, म्हणजे साहेबांचे वडील, दारात बसून पेन्शनची वाट बघताहेत. (आप्पांची पेन्शन आप्पांच्याच खात्यात परस्पर जमा होते. पण काळजी इतका तपशील बघत नाही.)

साहेबांनी खाणंपिणं सोडून नियोजन केलं. विमा झाला, ठेवी झाल्या, नॉमिनी झाले. वर दोन पानं भरून मूल्यं लिहिली: काटकसर, वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा. सगळ्यांना बसवून समजावून सांगायला गेले, तर बायको 'हं, हं' करत शर्टाला बटण लावत राहिली, मुलगी फोनमध्ये आणि आप्पा बसल्या बसल्या घोरायला लागले. साहेबांचा जीव टांगणीला लागला. नुसतं सांगून माणसं शिकत नाहीत, हे त्यांनी कारखान्यात उभ्या नोकरीत पाहिलं होतं. तालीमच घ्यावी लागते.

मग त्यांनी जाहीर केलं की रविवारी घरात मॉक ड्रिल. विषय: मी नाही.

"नाही म्हणजे? कुठे जाताय?" बायकोने विचारलं.

"कुठे नाही. घरातच असेन. पण नसेन."

बायकोने आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "लहानपणापासून असाच आहे."

नियम सोपे होते. साहेब निरीक्षकाचं पिवळं जॅकेट घालून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसणार. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यांनीही कुणाशी बोलायचं नाही. घराचं अगदीच अडलं तर ते शिट्टी वाजवणार. शिट्टी वाजली की तालीम संपली आणि घर नापास.

रविवारी सकाळी चहा झाला. तीन कप. साहेबांनी चौथ्या कपाची वाट पाहिली आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की नसलेल्या माणसाला चहा कोण देणार? तालीम चांगलीच मनावर घेतलेली दिसत होती.

पहिलं काम कागदपत्रं शोधण्याचं. साहेब शिट्टी हातात घेऊन तयार राहिले. आता ही माझं कपाट उघडणार, गोंधळणार, रडकुंडीला येणार. बायको कपाटाकडे फिरकलीसुद्धा नाही. तिने पलंगाखालून एक पिशवी ओढली आणि मुलीच्या पुढ्यात ठेवली.

"त्यांच्या कपाटात झेरॉक्स आहेत," ती म्हणाली. "मूळ कागद मी केव्हाच काढून घेतले. ते इतकं जपून ठेवतात की मग सापडत नाही. मधे एक हप्ताही विसरले होते. मी भरून टाकला. सांगितलं नाही, उगीच काळजी करत बसले असते."

कोपऱ्यातल्या माणसाचे कान तापले. पण नसलेल्या माणसाने खुलासा तरी कसा करावा?

दुपारपर्यंत चालेल म्हणून धरलेलं काम कप विसळायच्या आत संपलं. बिलं कुठली, खाती कुठली, कुणाला कळवायचं, मुलगी घडाघडा सांगत गेली. घर पास झालं होतं. साहेबांनी खरं तर सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण काळजी गेली नाही, तिने नुसती कूस बदलली. इतके दिवस भीती होती की माझ्यावाचून यांचं कसं होईल. आता कळलं की छान होईल. ही भीती पहिलीपेक्षा वाईट निघाली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर शिडी मागायला आले. साहेब आहेत का, म्हणाले. बायकोने शांतपणे सांगितलं, "ते नाहीत. शिडी गॅलरीत आहे, घेऊन जा." डॉक्टरांनी पिवळ्या जॅकेटकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि शिडी घेऊन चवड्यांवर चालत दारापर्यंत गेले. जाताना हळूच म्हणाले, की काही लागलं तर रात्री-अपरात्रीसुद्धा हाक मारा.

जेवणंही तिघांचीच झाली. साहेबांच्या पोटात कावळे ओरडत होते. शेवटचं काम मूल्यांच्या वाचनाचं. मुलीने दोन पानं उघडली, सगळे बाहेरच्या खोलीत गोल करून बसले, आणि साहेब संधी साधून स्वयंपाकघरात सटकले. नसलेल्या माणसाने मागायचं नाही, हा नियम होता. घ्यायचं नाही, असं कुणी म्हटलं होतं? त्यांनी घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध गॅसवर चढवलं.

बाहेर 'काटकसर' वाचून झाली. आप्पा म्हणाले, हे माझंच वाक्य आहे, याने फक्त मोठ्या अक्षरात लिहिलंय. मग मुलीने पानं बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"हे राहू दे. मला बाबांकडून वेगळंच मिळालंय. कुठेही गेले ना, की मी आधी बाहेर पडायचं दार बघते. मैत्रिणी हसतात. पण सगळ्या माझ्याच शेजारी बसतात."

साहेब गॅस सोडून दाराच्या चौकटीशी आले.

"घाबरट माणूस," बायको म्हणाली. "पण स्वतःसाठी घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नाही. घाबरला तो आमच्यासाठीच."

साहेबांना हुंदका आवरेना. कुणी इतकं चांगलं बोललेलं त्यांनी असताना कधी ऐकलं नव्हतं. डोळे वाहू लागले, नाक चोंदलं. आणि नाक चोंदल्यामुळे, आयुष्यभर धुराचा वास ओळखण्याचा पगार घेतलेल्या त्या माणसाला घरात करपल्याचा वास सगळ्यांच्या शेवटी आला.

पुढचं सगळं बघण्यासारखं झालं. कुणी किंचाळलं नाही, कुणी पळालं नाही. बायकोने साहेबांना खांबासारखा वळसा घालून गॅस बंद केला. मुलीने खिडक्या उघडल्या. आप्पा काठी घेऊन भिंतीच्या कडेकडेने जिन्याकडे निघाले. मागे वळून बघणं नाही, वस्तू उचलणं नाही. कारखान्यातल्या माणसांना जे वर्षानुवर्षं जमलं नव्हतं, ते साहेबांच्या घराने एका दमात केलं. साहेब धुरात उभे राहून अभिमानाने बघतच राहिले.

खालून मुलीचा खणखणीत आवाज आला. "आई. आप्पा. मी. सगळे सुखरूप. हजेरी पूर्ण."

साहेब धडपडत गॅलरीत आले. शिट्टी फुंकली, तर नुसती ओली फुर्रर्र झाली. शेवटी त्यांनी कठड्यावरून वाकून हाक मारली, "अगं, मी वरच राहिलोय."

बायकोने वर पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा हलला, मग तिने पदराने डोळे पुसले (धुराने असतील) आणि म्हणाली, "राहिलात का? बरं. मग खाली उतरताच आहात, तर तसेच कोपऱ्यावरून दूध घेऊन या. सकाळपासून तुमच्यावाचून अडलेलं तेवढं एकच काम आहे, आणि तेही तुम्हीच करून ठेवलंत."