नानांचा फलाहार आणि धुळ्याचे मांडे

जळगावचे रुपचंदनाना फलाहारी झाले ते एका व्याख्यानामुळे. कापसाच्या जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतल्या, कारकुनाने व्याख्यान ऐकावं, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी येऊन भाकरी खावी. पण नाना पडले हट्टी. शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न, असं वक्ता म्हणाला आणि नानांनी तिथेच उभं राहून नेम जाहीर केला. मग केळी, पेरू आणि बोरं. जिनात कापसापेक्षा सालींचा पसारा वाढला, शेजारणी दुखणं विचारायला येऊ लागल्या आणि नाना झोपेत भरीत मागू लागले. पण शब्द दिला होता तो चारचौघांत. आता माघार कशी घ्यायची?

खरी पंचाईत झाली ती मुलगा वना याच्यासाठी मुली पाहताना. सोयऱ्याच्या घरी ताटाला हात लावला नाही म्हणजे मुलगी नापसंत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दोन ठिकाणं अशीच मोडली. वना हल्ली बापाशी बोलत नव्हता.

नाना तिसरी मुलगी पाहायला धुळ्याला निघाले तेव्हा भिकुबाईंनी केळ्यांची टोपली नवऱ्याच्या हातात आदळली. "हाई ठिकाण गयं, तं वनान्या मुंडावळ्या तुमना केळीलेच बांधसू!"

धुळ्यात कौतिकआबांच्या ओसरीवर पान मांडलं, तेव्हा आतून पुरणाच्या मांड्यांचा वास येत होता. आबांची मुलगी प्रमिला पहाटेपासून चुलीवरच्या पालथ्या खापरापुढे होती. पाहुण्यांना मुलीच्या हातचे मांडे वाढायचे, हीच तिची परीक्षा. हातांवर कोपरापर्यंत ताणून खापरावर भाजलेला, तुपाने निथळणारा मांडा नानांच्या ताटात पडला. नानांनी टोपलीतून केळं काढलं.

"मी फलाहारी आहे, आबा."

आबांचा चेहरा उतरला. त्यांची आई धुरपदाबाई दारातूनच कडाडल्या, "पोर पसंत नही, ते सरळ सांगा ना! केळं काय दखाडतस?"

"तसं नाही, अक्का. मुलगी लाख पसंत आहे. मी घरीही हेच खातो."

"मंग तुमना घरमा चूल पेटस का नही?"

"क्वचित," नानांनी ठोकून दिलं. "सगळ्यांनाच हळूहळू वळण लावतोय."

"आशा घरमा पोर उपाशी मरी जाई!" म्हणत म्हातारी आत गेली.

आबा खाली वाकून हळूच म्हणाले, "नाना, एक मांडा खाल्लात तर आई निवळेल. नाहीतर मलाही काही बोलता येणार नाही."

नानांना आभाळ ठेंगणं वाटलं. इतके दिवस ज्या निमित्ताची वाट पाहिली, ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. बाप मुलासाठी काय करत नाही! याला तो वक्तासुद्धा नावं ठेवणार नाही.

"वनासाठी," ते गहिवरून म्हणाले. त्यांनी मांड्याचा भलामोठा घास मोडला, तुपात बुडवला आणि तोंडाशी नेला.

"थांबा!" धुरपदाबाई धावतच बाहेर आल्या. "पोरले इचारं मी. ती म्हनस, मांडा करीकरी मना हात मोडी गयात. जठे चूल पेटस नही, तठेच माले द्या. नही ते मी लगीनच करस नही!"

"जमलं!" आबांनी मांडीवर थाप मारली. "आमच्यापायी तुमचा नेम मोडायला नको, नाना."

त्यांनी नानांच्या बोटांतला घास अलगद सोडवून ताटात ठेवला, ताट उचललं आणि टोपली पुढे सरकवली. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्याह्यांना मुलाचं किती प्रेम, असं सगळ्यांना वाटलं.

सोयरीक जमली म्हणून घरातल्या प्रत्येकाने एकेक मांडा घेतला. नानांनी केळं सोललं.